शिक्का १० औंसाचा, काट्यावर मात्र वेगळंच

मृणाल_एडिसन

नमस्कार मंडळी. जुन्या अमेरिकन चांदीच्या विटा जमवायचा नाद लागलाय. नव्या चकचकीत नाहीत, १९७० आणि ८० च्या दशकांतल्या. एंगलहार्ड, जॉन्सन मॅथी वगैरे. इथे अमेरिकेत म्हातारं माणूस गेलं की मुलं घरातलं सगळं सामान विकायला काढतात, तिथे मिळतात, नाहीतर नाण्यांच्या दुकानात. आणली की वजन करून वहीत लिहिते, आणि तिथेच डोकं फिरतं. विदा असा:

एंगलहार्ड, १० औंस, सरळ कडांची, लांबट आणि पातळ: ३११.४ ग्रॅम
जॉन्सन मॅथी, १० औंस, ओतीव, पाठीवर सुरकुत्या: ३१२.९ ग्रॅम
एका छोट्या कारखान्याची ओतीव वीट, शिक्काच मुळी १०.२७ औंस: ३१९.५ ग्रॅम
फ्रँकलिन मिंट, '१००० ग्रेन स्टर्लिंग': ६४.९ ग्रॅम
एक औंसाच्या पट्ट्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या: ३१.१५ पासून ३१.४ पर्यंत, लांबी-रुंदी-जाडी एकीची दुसरीला जुळत नाही

ट्रॉय औंस ३१.१०३५ ग्रॅमचा, म्हणजे दहाचे ३११.०३. मग हे वरचं वजन कुठून येतं? कंपन्या फुकट चांदी वाटत होत्या का?

दुसरी गंमत पुण्याची. सुट्टीत माहेरी गेले तेव्हा माझा खिशातला काटा सोबत होता. आजोबांच्या पेटीत 'तो. १०' शिक्क्याच्या दोन चांदीच्या कांड्या आणि एक बिनशिक्क्याची ओबडधोबड लगड आहे. दहा तोळे म्हणजे ११६.६४ ग्रॅम. माझ्या काट्यावर दोन्ही कांड्या ११६.४. सराफाकडे नेल्या तर तिथे ११६.६! सराफाचा काटा गिऱ्हाइकाच्या काट्यापेक्षा जास्त दाखवतो हे मी तरी पहिल्यांदाच पाहिलं. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चिंगी

सराफाचा काटा जास्त दाखवतो?? पत्ता द्या त्यांचा. सगळे तिकडेच जाऊ.

झवेरी_गल्ली

चांगला धागा. बाकीचं नंतर, आधी शिक्क्याबद्दल. विटेवर आकडा छापला म्हणजे तो सगळीकडे एकाच अर्थाने छापलेला नसतो. तुमच्या वहीतच तीन प्रकार आहेत.

'१०.२७' हा मोजलेला आकडा. आधी वीट ओतली, मग तोलली, मग जे भरलं ते छापलं. १०.२७ ला ३१.१०३५ ने गुणा, ३१९.४३ येतात. तुमचा काटा ३१९.५ म्हणतो. वीट तंतोतंत आहे.

'१० औंस' हा गोल आकडा म्हणजे कबुली: यात दहा औंसापेक्षा कमी नाही. कमी भरली तर कारखान्याची बदनामी आणि वर कायद्याचं लफडं. चार दशांश ग्रॅम जास्त गेली तर कोणी भांडायला येत नाही. म्हणून सगळे किंचित वरच्या बाजूला राहतात.

तिसरा प्रकार '१००० ग्रेन स्टर्लिंग'. हे एकूण वजन आहे, शुद्ध चांदीचं नाही. हजार ग्रेन म्हणजे ६४.८ ग्रॅम, औंसात २.०८. पण स्टर्लिंग ९२५, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, म्हणून शुद्ध चांदी ९२५ ग्रेन, १.९३ औंस. 'दोन औंसाची पट्टी' म्हणून विकणारे भेटतात, तेव्हा हे गणित तोंडावर करून दाखवायचं.

मोठ्या विटांना तर गोल वजन नसतंच. लंडनच्या बाजारात चालणारी चांदीची वीट ७५० ते ११०० औंसांत कुठेही बसते. प्रत्येकीचं वजन निराळं, ०.१ औंसाच्या पटीत यादीत नोंदवलेलं, आणि पैसे त्या नोंदीप्रमाणे. तिथे 'ही वीट जास्त का भरते' असा प्रश्न कोणी विचारत नाही.

मृणाल_एडिसन

वा, हे कोणी असं सुटं करून सांगितलंच नव्हतं. पण मग ३११.४ आणि ३१२.९ मध्ये दीड ग्रॅमचा फरक का? दोन्हींवर १० औंसच आहे.

खानापूरचा_गडी

ताई, मी सांगतो. आमचं गाव विट्याजवळ. आमच्या भागातली निम्मी माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, कोण कोइमतूरला, कोण कोलकात्याला, कोण जम्मूत. माझं सगळं लहानपण मुशीशेजारी गेलंय.

ओतीव वीट कशी होते ते बघा. चांदीचे दाणे तोलून मुशीत घालायचे, समजा ३१२ ग्रॅम. वर चिमूटभर टाकणखार. ९६२ अंशाला चांदी वितळते, पण ओतायला त्याच्यावर शंभरेक अंश तरी तापवावी लागती, नाहीतर साच्यात पोचेपर्यंत गोठती. रस झाला की मूस तिरकी करून एका धारेत ओतायची. हात थांबला की विटेवर थर दिसतो. त्या सुरकुत्या म्हणताय त्या त्याच, वरचा पापुद्रा आधी गोठतो, खालचा रस आकसतो, आणि पापुद्रा ओढला जातो. मधे खळगा पडतो तोही त्याच्यामुळंच.

आता तूट. थोडी चांदी मुशीच्या काठाला राहती, थोडे थेंब बाहेर उडतात. वितळलेली चांदी हवेतला ऑक्सिजन पिती, स्वतःच्या आकारमानाच्या वीसेक पट. गोठताना तो सगळा बाहेर टाकती, तेव्हा तडतड करून दाणे उडतात. म्हणून रसावर कोळसा टाकतात, हवा लागू नये म्हणून. तरी शेवटी किती राहील ते ओतणाऱ्याला अंदाजानंच धरावं लागतं. मग कारागीर काय करतो? ३११ पाहिजे तर ३१२-३१३ घालतो. कमी भरली तर परत मुशीत, परत इंधन, परत मजुरी. त्यापेक्षा ग्रॅम-दोन ग्रॅम जास्त गेलेली परवडती.

तुमची दुसरी वीट ३१२.९ आहे, ती अशी. पहिली सरळ कडांची आहे म्हणताय, ती ओतलेली नसणार. चांदीची लांब पट्टी दाबून काढायची आणि मापात कापायची. रुंदी-जाडी ठरलेली, वजन फक्त लांबीवर. असल्या कामात यंत्र चार दशांशाच्या आत ठेवतंय, आमच्यासारखा माणूस नाही.

मृणाल_एडिसन

दादा, अक्षरशः डोळ्यांसमोर उभं केलंत. म्हणजे दोन ओतीव विटांचा तळ सारखा असला तरी जाडी वेगळी असणार?

खानापूरचा_गडी

हो. साचा उघडा असतो. तळाची लांबी-रुंदी साच्याची, वरचं सगळं रसाचं. साच्याला भिंती तिरक्या, म्हणजे जास्त रस गेला की वरची बाजू रुंदावती पण. साचे झिजतात, बदलतात. एकाच कारखान्यात एका वर्षी चार साचे असले तर चार मापं.

आप्पा_खामगावकर

आणि कारखानाही एक नव्हता, हे विसरू नका. एंगलहार्डच्या विटा अमेरिकेबरोबर कॅनडात आणि ऑस्ट्रेलियातही निघायच्या. जॉन्सन मॅथीची कॅनडातली शाखा बरीच वर्षं 'जॉन्सन मॅथी अँड मॅलरी' नावाने शिक्का मारायची. नाव एकच ऐकू येतं, पण साचे, यंत्रं, कामगार सगळे निराळे. 'एंगलहार्डच्या १० औंसाचं अधिकृत माप काय' असा प्रश्न लोक विचारतात, त्याला एक उत्तर नाही.

कंपन्यांना विचारायची सोयही उरली नाही. एंगलहार्डने १९८० च्या दशकाच्या शेवटी किरकोळ विटा बंद केल्या, २००६ मध्ये पूर्ण कंपनीच बीएएसएफने घेतली. जॉन्सन मॅथीने सोन्या-चांदीचं शुद्धीकरण २०१५ मध्ये जपानच्या असाहीला विकलं. आता जे काही मापांचे तक्ते फिरतात ते हौशी लोकांनी आपापल्या विटा मोजून केलेले आहेत. उपयोगी आहेत, पण त्यात नाही म्हणून वीट खोटी असं धरू नये.

अवांतर: १९७९ च्या सुरुवातीला चांदी औंसाला सहा डॉलरच्या आसपास होती. हंट बंधू या अमेरिकन धनाढ्यांनी चांदीचे साठे करायला घेतले आणि जानेवारी १९८० मध्ये भाव पन्नासच्या तोंडाशी गेला. २७ मार्चला गुरुवारी कोसळला, त्या दिवसाला तिकडे अजून 'सिल्व्हर थर्सडे' म्हणतात. त्या वर्षभरात अमेरिकेत लोकांनी आज्यांचे काटे-चमचे, किटल्या, नाणी, सगळं भट्टीत घातलं. विषम वजनाच्या छोट्या ओतीव विटाही त्यात गेल्या, कारण तेव्हा त्यांना कोणी 'जुनी वस्तू' समजत नव्हतं. आज ज्या उरल्यात त्यांना चांदीच्या भावापेक्षा वरचे पैसे पडतात ते त्यामुळे. १.९ ग्रॅम जास्त आहे म्हणून कोणी जास्त देत नाही, मृणालताई, तो हिशोब सोडून द्या.

चिंगी

आप्पा, खामगाव म्हणजे चांदीचंच गाव. तुमच्याकडे किती विटा आहेत ते सांगा आधी.

आप्पा_खामगावकर

घर मातीच्या विटांचं आहे, बाई.

भौतिकवाला

पुण्याच्या कांड्यांबद्दल कोणीच बोलत नाहीये, म्हणून लिहितो. मृणाल, तुमचा काटा न्यू जर्सीत घेतलेला आहे ना? आणि पुण्यात आल्यावर तो मापाच्या वजनाने पुन्हा जुळवला नव्हता?

मृणाल_एडिसन

नाही. सोबत आलेलं शंभर ग्रॅमचं वजन एडिसनलाच राहिलं.

भौतिकवाला

मग सराफ निर्दोष आहे, आणि काटाही. हे गुरुत्वाकर्षण आहे.

इलेक्ट्रॉनिक काटा वस्तुमान मोजत नाही, वस्तू खाली किती जोराने दाबते ते मोजतो आणि ग्रॅममध्ये बदलून दाखवतो. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे आणि फिरतेही आहे, त्यामुळे विषुववृत्ताकडे हा जोर कमी पडतो. न्यूयॉर्क-न्यू जर्सीच्या पट्ट्यात गुरुत्वीय त्वरण साधारण ९.८०२, मुंबईला ९.७८६ च्या आसपास. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर असल्यामुळे अजून थोडं कमी. फरक सुमारे ०.१८ टक्के.

आता ११६.६४ मधून ०.१८ टक्के काढा: ११६.४३. तुमच्या काट्याने ११६.४ दाखवलं. सराफाचा काटा इथल्याच वजनांनी जुळवलेला आणि वैधमापन खात्याची मोहोर असलेला, त्यामुळे त्याने ११६.६ बरोबर दाखवलं.

लंडनमध्ये जुळवलेला काटा मुंबईत आणला तर फरक पाव टक्क्याच्या वर जातो. किलोच्या विटेवर अडीच ग्रॅमपेक्षा जास्त! दहा औंसाची अस्सल वीट अशा काट्यावर ३१०.२ दाखवेल आणि घेणारा म्हणेल 'कमी भरते'. परदेशातून काटा आणला तर इथे पोचल्यावर मापाचं वजन ठेवून जुळवून घ्या, एवढंच. जुन्या दोन पारड्यांच्या तराजूला हा त्रास नाही, कारण दोन्ही पारड्यांवर तीच पृथ्वी.

निशिगंध

हे भन्नाट आहे! वाचनखूण साठवली. म्हणजे वजन कमी करायचं असेल तर एडिसनहून पुण्याला यायचं?

भौतिकवाला

साठ किलोमागे शंभर ग्रॅम. पहिल्याच वडापावात भरून निघेल.

झवेरी_गल्ली

बाजारात बरीच वर्षं काढली, पण हे कारण मला आज कळलं. परदेशातून आलेली मंडळी आपल्या काट्यावरून हुज्जत घालतात तेव्हा आम्ही 'तुमचा काटा हलका आहे' म्हणून मोकळे व्हायचो.

तोळ्याबद्दल थोडं. १८३३ मध्ये कंपनी सरकारने तोळा १८० ग्रेनचा ठरवला, तेवढ्याच वजनाचा रुपया पाडला. ट्रॉय औंस ४८० ग्रेनचा. म्हणून दहा तोळे बरोबर पावणेचार औंस होतात, काही उरत नाही. लंडनची १०५० औंसाची मोठी वीट मोजली तर नेमके २८०० तोळे. दोन्ही बाजार एकाच ग्रेनवर उभे असल्यामुळे तोळ्या-औंसाचा हिशोब फार सोपा पडायचा.

१९५६ मध्ये मेट्रिकचा कायदा आला आणि पुढे टप्प्याटप्प्याने ग्रॅम आले. तोळा गेला नाही, पण बाजाराने तो तोंडी दहा ग्रॅमचा करून टाकला. आज दुकानात 'तोळा' म्हटलं की दहा ग्रॅमच. त्यामुळे कुणाच्या घरी 'दहा तोळ्यांची' म्हणून सांगितलेली कांडी शंभर ग्रॅम भरली तर लगेच 'आजोबांना फसवलं' म्हणू नका. ती बहुधा मेट्रिकनंतरची आहे. ११६.६ भरते ती जुन्या तोळ्याची. मृणाल यांच्या कांड्या जुन्या हिशोबाच्या आहेत.

सिंगापुरी_भाकरी

इकडे टेल या चिनी वजनाच्या मापाचं असंच आहे. हाँगकाँगचा टेल ३७.४३ ग्रॅम, सिंगापूर-मलेशियाचा ३७.८०. नाव एक, वजन दोन. चीनमध्ये तर होडीच्या आकाराच्या चांदीच्या लगडी चालायच्या आणि गावागणिक टेल वेगळा. १९३३ मध्ये तिथल्या सरकारने टेलचा व्यवहारच बंद करून रुपेरी डॉलर सक्तीचा केला. जुन्या दुकानात अशी लगड दिसली आणि दुकानदार 'पन्नास टेल' म्हणाला, तर पहिला प्रश्न 'कुठला टेल?'

निशिगंध

एक शंका. विटेचं वजन थोडं जास्त असणं साहजिक आहे असं सगळे म्हणताय. मग खोटी वीट ओळखायची कशी? उद्या कोणीही म्हणेल, ओतीव आहे, माप असंच असतं.

भौतिकवाला

वजन एकटं पाहून नाही, आणि माप एकटं पाहूनही नाही. दोन्ही एकत्र पाहायचं, म्हणजे घनता. चांदीची १०.४९. तांब्याची ८.९६. समजा सरळ कडांची १० औंसाची वीट ९० बाय ५० मिलिमीटर आहे. चांदीची असेल तर जाडी ६.६ मिमी हवी. आत तांबं आणि वर मुलामा असेल, तर त्याच मापात वजन २६६ ग्रॅमच भरेल. वजन ३११ वर आणायचं तर जाडी ७.७ करावी लागेल. मिलिमीटरहून जास्त फरक, साध्या कॅलिपरने कळतो. शिसं ११.३४, म्हणजे शिशाची वीट उलट पातळ पडते. शिशात कथील मिसळून १०.४९ जमवता येतं खरं, पण मग वीट टिचकी मारल्यावर मुकी राहते.

ओतीव विटेला कॅलिपर लावून उपयोग नाही, तिला पाण्यात तोला. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा. विटेला बारीक दोरा बांधून ती पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला-भिंतीला टेकणार नाही अशी धरायची. काट्यावर जो आकडा येतो तो बाजूला सरलेल्या पाण्याचा. विटेच्या कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागा, झालं.

काटा कुठल्या देशातला आहे याचा इथे संबंध नाही. वरचा आकडाही तेवढाच चुकतो, खालचाही तेवढाच, भागाकारात चूक उडून जाते. पाणी मात्र साधं, फार गरम नको. तीस अंशाच्या पाण्यात उत्तर अर्धा टक्का वर सरकतं.

मृणाल_एडिसन

आत्ताच स्वयंपाकघरात प्रयोग केला. नवरा म्हणतोय ग्लास आता पिण्यासाठी वापरायचा नाही.

एंगलहार्ड: ३११.४, पाण्यात २९.७. भागाकार १०.४८. छान.
ओतीव जॉन्सन मॅथी: ३१२.९, पाण्यात ३०.३. भागाकार १०.३३! ही ९९९ आहे ना? स्टर्लिंगसारखी का दिसतेय?

भौतिकवाला

विटेवर बुडबुडे चिकटले असणार. सुरकुत्यांमध्ये हवा अडकते. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, वीट बुडवा, जुन्या मऊ ब्रशने सगळीकडून हळूच हलवा, मग पुन्हा.

खानापूरचा_गडी

ब्रश मऊच घ्या. जोरात घासलं तर जुनी काळपट झाक जाती. त्या झाकेचेच पैसे मिळत्यात.

मृणाल_एडिसन

२९.९ आलं. म्हणजे १०.४६. हुश्श.

खानापूरचा_गडी

बरोबर हाय. आत बारीक पोकळ्या राहतातच, गॅस सगळा निघत नाही. ओतीव चांदीला १०.४९ नेमकं कधी येत नाही, जरा कमीच. त्या लगडीचं काय झालं? ती तोलली का?

मृणाल_एडिसन

भावाला सांगितलं होतं. तो सराफाच्या दुकानात घेऊन गेला आणि तिथेच ग्लास मागितला. (चहा येईल असं त्यांना वाटलं म्हणे.) कोरडं वजन ५७१.० ग्रॅम, पाण्यात ५५.४. साबण, ब्रश सगळं केलं. भागाकार १०.३१.

खानापूरचा_गडी

ही ९९९ नाही. पण घाबरू नका. पन्नास तोळे किती होतात? ५८३. तुमची ५७१. पन्नासने भागलं तर ११.४२. आता विचार करा, पन्नास राणीछाप रुपये कोणीतरी मुशीत घातले असतील. रुपया नवा असताना ११.६६, वापरून झिजलेला ११.५ च्या आत येतो, राहिलेली तूट मुशीत. वर रुपयातली चांदी शंभराला एक्क्याण्णव-ब्याण्णव, बाकी तांबं. त्याची घनता १०.३४ येती. पोकळ्या धरून १०.३१. हिशोब बसतो.

अगोदरच्या पिढीत लग्नाच्या दागिन्यासाठी रुपये आटवायचे. दागिना झाला नाही तर लगड तशीच पेटीत.

झवेरी_गल्ली

सहमत. आणि हे १९४० च्या आधीचे रुपये असणार. १९४० पासून सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, १९४७ ला तर निकेलचाच रुपया आला. निम्म्या चांदीच्या रुपयांची लगड असती तर भागाकार साडेनऊच्या आसपास आला असता. अर्थात हा सगळा अंदाज. टंच काढल्याशिवाय, म्हणजे नमुना घेऊन शुद्धता तपासल्याशिवाय, पक्कं कोणी सांगू नये. टंच काढताना एकाच कोपऱ्याचा नमुना देऊ नका, वरून आणि खालून दोन्हीकडून घ्यायला सांगा. हाताने ओतलेल्या लगडीत मिश्रण सगळीकडे सारखं असेलच असं नाही.

आप्पा_खामगावकर

टंच काढा, पण आटवू नका म्हणजे मिळवली.

मृणाल_एडिसन

आई आटवू देणार नाही, निश्चिंत राहा. बाकी एक औंसाच्या पट्ट्यांचा प्रश्न राहिलाच.

आप्पा_खामगावकर

त्यात फार काही नाही. पत्रा लाटायचा, तुकडे पाडायचे, ठशात दाबायचे. ५० बाय २८ ची पट्टी असेल तर जाडी दोन मिलिमीटरच्या थोडी वर, लहान केली तर जाड. नाण्याचा व्यास सरकार ठरवतं तसं पट्टीचं माप कोणी ठरवलेलं नाही. सत्तरच्या दशकात शेकडो चित्रांच्या पट्ट्या निघाल्या, ख्रिसमस, मदर्स डे, काय वाट्टेल ते, आणि ज्याचा ठसा जेवढा तेवढी पट्टी. वजन लाटलेल्या पत्र्याच्या जाडीवर, म्हणून ३१.१५ पण येतं आणि ३१.४ पण.

बाणेरचा_बाळू

उशिरा आलो. सगळा धागा वाचला, मग माझी पेटी उघडली. मामांनी शिकागोहून आणलेली ५ औंसाची ओतीव वीट आहे. काटा इथलाच, शंभर ग्रॅमच्या वजनाने जुळवून घेतला. १५४.१ ग्रॅम! पाच औंसाचे १५५.५ हवेत. पाण्यात १४.७. म्हणजे १०.४८, चांदी तर आहे. मग दीड ग्रॅम गेली कुठे? हिला तर कमी भरायची मुभा नव्हती ना?

झवेरी_गल्ली

नव्हती. शिक्का गोल आकड्याचा आहे की दशांशाचा?

बाणेरचा_बाळू

गोल. नुसतं ५.

खानापूरचा_गडी

तळाचा फोटो टाका. चारही कोपरे दिसतील असा, उजेड तिरका घेऊन.

बाणेरचा_बाळू

टाकला. डावीकडचा खालचा कोपरा जरा सपाट वाटतोय. मला वाटलं साच्याचाच असेल.

खानापूरचा_गडी

साच्याचा नाही. साच्याच्या कोपऱ्याला गोलाई असती आणि झाक बाकीच्या विटेसारखीच. इथं पटाशीचा घाव दिसतोय, आणि घावाच्या आतला रंगही उजळ हाय. कोणीतरी टंच काढायला कोपरा उडवलाय. एवढ्या कोपऱ्यात दीड ग्रॅम आरामात जाती. मामांनी घेतली तेव्हा हा घाव होता का, एवढं विचारून बघा.

बाणेरचा_बाळू

मामा म्हणतात, दुकानदाराने 'खात्री करून घ्या' म्हणून त्यांच्यासमोरच काढला होता. आणि पैसे पूर्ण पाच औंसाचे घेतले.

चिंगी

कोपरा कोणाकडे राहिला?

बाणेरचा_बाळू

दुकानदाराकडे.